झाकणाला हात लावू नये

नागपूरच्या माणसाकडे वेळ भरपूर असतो, धीर मात्र अजिबात नसतो. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हा फरक लवकर कळत नाही. भर दुपारी पानठेल्यावर उभा राहून एखादा गृहस्थ खर्रा घोटून घेताना दिसला की त्यांना वाटतं, काय निवांत शहर आहे! त्याच गृहस्थाला व्हरायटी चौकातल्या लाल दिव्यासमोर उभा करून बघा. हॉर्न वाजवून दिवा हिरवा होतो अशी त्याची पक्की समजूत असते. खर्ऱ्यापाशी तो कितीही वेळ उभा राहील, कारण तिथे सुपारी, चुना, तंबाखू सगळं डोळ्यांसमोर घोटलं जात असतं आणि मधूनमधून ‘चुना कमी मार बे’ असं बजावता येतं. सिग्नलला काही बजावता येत नाही.

म्हणजे नागपूरकर थांबायला तयार असतो. फक्त थांबताना त्याला लुडबुड करायची मुभा लागते. ही मुभा ज्या यंत्रात नाही ते यंत्र या शहरात चालत नाही, आणि स्लो कुकर हे नेमकं तसलं यंत्र आहे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत जाड चिनी मातीचं भांडं, बाहेर धातूचं कवच, कवचाच्या पोटात भांड्याला वेढून बसलेली तापणारी तार, वर काचेचं झाकण. समोर एक कळ, तिच्यावर लो, हाय आणि वॉर्म. वीज 200 ते 250 वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बांच्या दोन-चार जागा. सकाळी मांस, कांदा, मसाला आत टाकायचा, कळ लो वर फिरवायची आणि घराला कुलूप लावून कामाला जायचं. 8 तासांनी येऊन जेवायचं. सोबतच्या पुस्तिकेत सूचना बऱ्याच असतात, पण त्यातली मुख्य एकच: शिजत असताना झाकण उघडू नये. उघडलं की आतली वाफ जाते आणि गेलेली उष्णता भरून काढायला या मंद प्रकृतीच्या यंत्राला 20-30 मिनिटं लागतात.

हे यंत्र काढलं अर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन माणसाने. त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना गावच्या आठवणी सांगत असे. शनिवार हा ज्यू लोकांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरोघरची भांडी, आत घेवडा, बटाटे आणि मांस भरून, गावच्या बेकरीत नेऊन ठेवायची. बेकरीवाल्याची विझत चाललेली भट्टी रात्रभर ते शिजवत राही. नॅक्सनने ती भट्टी विजेच्या तारेत आणून बसवली. 1940 साली त्याला पेटंट मिळालं, 1970 मध्ये त्याने धंदा रायव्हल नावाच्या कंपनीला विकला आणि 1971 साली रायव्हलने तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या, दिवसभर घरी कोणी नसायचं. यंत्र धडाधड खपलं.

दिवसभर घरी कोणी नसायचं! माझ्या आत्याचं नागपूरच्या महाल भागात घर आहे. त्या घरात दिवसभर कोणी नाही, असा दिवस भोसल्यांच्या काळापासून उगवलेला नसावा. सकाळी दूधवाला गेला की ‘सहज आलो होतो’ म्हणणारे दूरचे मामा येतात. त्यांचा चहा होतो न होतो तोच त्यांना शोधत त्यांचे साडू येतात. मागून शेजारच्या काकू विरजण मागायला. आणि जो येतो तो बैठकीत न बसता थेट स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. ‘काय करून राहिल्या जी?’ असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता गंजावरचं झाकण उचलतो. परक्याच्या चुलीवरचं झाकण उचलणं इतर शहरांत असभ्य समजत असतील. आमच्याकडे न उचलणारा माणूस रागावलेला समजतात.

अशा घरात आत्याच्या मुलाने शिकागोहून स्लो कुकर पाठवला. आईला चुलीपाशी उभं राहावं लागू नये, ही त्याची भावना. आई चुलीपाशी उभी राहते कारण तिथून सगळ्या घरावर नजर राहते, हे त्याला इतकी वर्षं त्या घरात राहूनही कळलेलं नव्हतं.

यंत्र आलं ते 120 व्होल्टचं. आपल्या भिंतीत 230. इथे थोडी शाळेतली पदार्थविज्ञानाची उजळणी करावी लागेल. तार तीच ठेवून दाब वाढवला तर वीज दाबाच्या वर्गाच्या पटीत खाल्ली जाते. म्हणजे शिकागोत 250 वॅट खाणारा कुकर नागपुरात थेट भिंतीत खुपसला तर साडेतीनपटीहून जास्त, जवळजवळ 900 वॅट ओढू लागतो. हळू शिजवणाऱ्या यंत्राला इथलं पाणी लागलं की ते पहिल्या मिनिटापासून नागपूरकर होतं, आणि लवकरच धूर काढून दिवंगत होतं. सुदैवाने घरातल्या एका इंजिनिअर जावयाने हे आधीच ओळखलं आणि सीताबर्डीहून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. तो कुकरपेक्षा जड निघाला. ओट्यावर मावेना म्हणून खाली पाटावर ठेवला. दिवसभर त्याचा हूं असा आवाज यायचा आणि आत्या त्याला ओलांडून जाताना न चुकता पायाला हात लावून नमस्कार करायची.

सोबत मुलाने पाककृती धाडली होती: पोर्क चॉप्स विथ ग्रेव्ही. अमेरिकेतल्या मध्यम घरांत हा रविवारचा किंवा थकलेल्या मंगळवारचा पदार्थ. डुकराच्या पाठीचे जाड काप घ्यायचे, मीठ-मिरपूड लावायची, मैद्यात घोळवून तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस करायचे, कुकरमध्ये रचायचे. वर मशरूमच्या घट्ट सुपाचा डबा उपडा करायचा, कांद्याच्या सुपाची पुडी भुरभुरायची आणि लो वर 6 ते 8 तास. आत्याने कागद पूर्ण वाचला. उलटून मागची बाजूही बघितली, तिखट मागे लिहिलं असेल म्हणून. मग म्हणाली, ‘मांसात सूप टाकायचं? सूप तं मांसाचं निघते!’

यावर शिकागोकडे उत्तर नव्हतं.

आत्याच्या घरात डुकराचं मांस शिजत नाही, त्यामुळे कागदातल्या पोर्कच्या जागी बोकड आला आणि चॉपच्या जागी चाप आले. पण मूळ पदार्थावर अन्याय नको म्हणून सांगतो, नागपुरात पोर्क रांधणारी आणि जाणणारी घरं आहेत. रेल्वेच्या जुन्या वस्त्यांत, कामठीच्या छावणीच्या आसपास, सदर-मोहननगरच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या सुमारास त्याचा वास दरवळतो. माझ्या एका मित्राची आई मूळची गोव्याची, आम्ही तिला आंटी म्हणतो. तिला मी हा अमेरिकन कागद दाखवला. तिने तो बोटाच्या टोकाने परत केला. पाठीचे चॉप आठ तास शिजवणाऱ्याला मुळात मांस कळत नाही, असं तिचं मत. पोर्कचं सोरपोतेल ती नाताळाच्या दोन-तीन दिवस आधी करते. व्हिनेगर घालते, रोज एकदा गरम करते आणि सणाला खाते. ‘हळू शिजवायचं तर दिवसांत मोज, तासांत काय मोजतोस?’ हे तिचं म्हणणं.

आंटीचं मांसाविषयीचं मत शास्त्रालाही मान्य आहे. पाठीचा, कण्यालगतचा भाग जनावराने जन्मभर फारसा वापरलेला नसतो. त्यात चरबी कमी आणि स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पडदेही कमी. असा तुकडा झटपट भाजला तर उत्तम. आठ तास ठेवला तर त्यातलं पाणी निघून जातं आणि हाती भुसा येतो. मशरूमचं सूप हा भुसा झाकायला असतं. उलट खांदा, मान, पाय हे भाग जन्मभर राबलेले. त्यांत कोलॅजन नावाचं चिवट द्रव्य ठासून भरलेलं असतं. ते 70 अंशांच्या वर तासन् तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. त्यानेच मांस मऊ लागतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. तेव्हा पोर्क चॉप हळू शिजवायचेच असतील तर हाडासकटचे, खांद्याकडचे, चरबीची रेघ असलेले घ्यावेत. बोकडाचं म्हणाल तर नागपुरातल्या कुठल्याही मटणाच्या दुकानात रविवारी सकाळी उभं राहून ऐका. सीना, गर्दन, दस्त आणि नळी यांच्यासाठी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं ज्या गोड आवाजात बोलतात त्या आवाजात ती घरी कधी बोलत नाहीत. हे कोलॅजनचं ज्ञान त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

आता स्वयंपाकघरात काय झालं ते. कुकर सुरू झाला आणि घरात विलक्षण शांतता पसरली. अडचण इथून सुरू झाली. आपल्याकडे 1959 साली हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही प्रेशर कुकर आले आणि तेव्हापासून शिट्टी हे वेळ मोजायचं माप झालं. डाळीला तीन, आलूला दोन, मटणाला सहा. मिनिटांत विचारलं तर कोणी सांगू शकत नाही. प्रेशर कुकरचा मूळपुरुष फ्रेंच डेनी पापँ, त्याने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हाडं मऊ करणारं भांडं दाखवलं होतं. दाबामुळे आतलं पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि तासांचं काम मिनिटांत होतं. पण आपल्या घरांना त्याचं शास्त्र नव्हे, आवाज आवडला. शिट्टी झाली की सुनेचं चाललंय हे सासूला कळतं, कोणाकडे आज काय आहे हे अख्ख्या फ्लॅट स्कीमला कळतं, आणि अंघोळीला गेलेल्याला आपल्याकडे किती वेळ उरला हे कळतं. स्लो कुकर काहीच बोलत नाही. वाफ सोडत नाही, खदखदत नाही, हलत नाही. लो वर ठेवला तर पहिला दीड-दोन तास आत काही चाललं आहे अशी शंकाही येत नाही.

‘शिट्टी कशी देत नाही जी हे?’ मामांनी विचारलं.

‘देत नाही ते. विदेशी आहे,’ आत्या म्हणाली.

‘मंग शिजलं कसं समजंन?’

यावर मामांनीच तोडगा काढला आणि झाकण उचललं. काचेचं झाकण देऊन कंपनीने तशी सोय केली आहे असं कोणी म्हणेल. पण पाच मिनिटांत त्या काचेला आतून वाफ धरते आणि पलीकडचं दिसेनासं होतं. काच आहे, तरी दिसत नाही. सरळ पत्र्याचं झाकण परवडलं असतं, माणसाने मन मारलं असतं. मामांनंतर साडूंनी बघितलं, कारण मामांनी बघितलं होतं. विरजणवाल्या काकूंनी एक तुकडा दाबून पाहिला आणि ‘कच्चं आहे’ असा निकाल दिला. तो निकाल खरा आहे का हे बघायला त्यांच्या मोठ्या जाऊबाई आल्या. प्रत्येक उघडण्याला 20-30 मिनिटं धरली तर आठ तासांचं मटण महालात केव्हा शिजेल याचं गणित जावयांनी मांडलं. नवी माणसं यायचा वेग उष्णता भरून निघायच्या वेगापेक्षा जास्त असल्यामुळे उत्तर ‘कधीच नाही’ असं येत होतं.

रात्री उशिरा, सगळी पांगल्यावर, ते शिजलं. मांस खरोखर लोण्यासारखं होतं, हाडापासून आपसूक सुटत होतं. पानात वाढलं गेलं. सगळ्यांनी एक एक घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. मग साडू म्हणाले, ‘पीस एक नंबर आहे. पन तर्री कुठं आहे?’

हा प्रश्न मोठा आहे. पाश्चात्त्य पानात मांस मालक असतं आणि ग्रेव्ही त्याच्या दिमतीला असते. कापावर दोन चमचे ओततात, उरली तर पावाने पुसतात. आमच्याकडे मालकी रश्श्याची. मटणाचा तुकडा हा त्यात हजर राहून रश्श्याला मोठेपण देतो इतकंच. लग्नाघरी तुकडे कमी पडले तर लोक ‘गर्दी जास्त झाली’ म्हणून सोडून देतात. रस्सा पातळ झाला तर सोयरीक लक्षात राहते. तर्री तर सकाळच्या पोह्यांवरही लागते, तिथे मांस मुळात नसतं आणि कोणाचं काही अडत नाही.

आणि नेमकी तर्री ही गोष्ट स्लो कुकर करू शकत नाही. तो कितीही वेळ ठेवला तरी पाण्याच्या उकळबिंदूच्या पुढे जात नाही. कांदा, मसाला, मांस यांना तांबूस रंग आणि भाजका वास यायला त्याहून बरंच जास्त, 140 अंशांच्या वरचं तापमान लागतं. मिरचीचा रंग आणि जहालपणा दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. म्हणून मसाला मोठ्या आचेवर तेल सुटेपर्यंत परतावा लागतो, तेव्हा ते लाल तेल पुढे रश्श्यावर तरंगतं. शिवाय या भांड्यातून पाणी उडून जात नाही, झाकणाला लागून परत खाली ठिबकतं. जेवढं घातलं तेवढं राहतं, वर मांसाचं सुटतं. त्यामुळे रस्सा आपोआप पाणचट होतो. अमेरिकन बाई म्हणूनच मैदा आणि डब्यातलं सूप घालते, हौसेने नव्हे.

यावर उपाय आहे आणि आत्याने तो पुढच्या रविवारी स्वतःच काढला. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट भाजलं. धने, शहाजिरं, मिरे, लवंग, दगडफूल, जायपत्री, खसखस कोरडी भाजली. सगळं वाटून जवसाच्या तेलात तेल सुटेपर्यंत परतलं, त्यात मांस चांगलं खरपूस केलं, ज्वारीचं भाजलेलं पीठ लावलं आणि मग ते सारं स्लो कुकरमध्ये ओतलं. पाणी नेहमीच्या निम्मं. लो वर ठेवलं. झालं ते अप्रतिम. तर्री होती, तुकडा मऊ होता, पोर्कच्या खांद्यालाही हीच रीत लागू पडते हे पुढे आंटीच्या घरी सिद्ध झालं. फक्त दोन तास ओट्यापाशी घाम गाळला आत्याने आणि व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, ‘बघ आई, मशीन सगळं करते की नाही?’

आत्याने फोन ट्रान्सफॉर्मरकडे वळवला आणि म्हणाली, ‘याच्याशीच बोल.’

आता ज्या रीतीने आत्याने मसाला केला ती सावजी रीत. तिच्याविषयी थोडं बोललं पाहिजे. नागपूरचे सावजी म्हणजे हलबा कोष्टी, विणकर. पूर्वी घरोघरी माग, आणि घरातली सगळीच माणसं त्याला जुंपलेली: कोणी विणतंय, कोणी कांड्या भरतंय. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली इथे सुरू झाली, मागून यंत्रमाग आले, हातमाग बसत गेले. चुली मात्र राहिल्या, आणि त्या चुलींची भोजनालयं झाली. मसाले 32 लागतात असं म्हणतात. कोणते ते विचारलं तर पहिले आठ-दहा सांगतात आणि मग गिऱ्हाईक येतं. माझा आपला एक तर्क आहे. ज्यांचे हात दिवसभर धाग्यात गुंतलेले, त्यांना चुलीवर मंद आचेत आपलं आपण शिजणारं भांडं परवडत असणार. विल्नाच्या घरांनी भांडं सोडून दिलं कारण त्या दिवशी काम निषिद्ध होतं. इतवारी-महालातल्या घरांनी सोडलं असेल तर काम संपत नव्हतं म्हणून.

त्या चुलीवरच्या गंजाला झाकणही मोठं समजूतदार असतं. खोल ताटलीच झाकण म्हणून ठेवायची आणि त्या ताटलीत पाणी ओतायचं. वरच्या पाण्यामुळे झाकण थंड राहतं, आतली वाफ त्याला लागून परत मांसावर पडते. हळूहळू वरचं पाणीही तापतं आणि रस्सा वाढवायचा झाला की तेच गरम पाणी आत जातं, कारण थंड पाणी पडलं की मटण आखडतं असा घरोघरचा सिद्धांत. शिवाय पाण्याने भरलेली ताटली पटकन उचलता येत नाही. सांडते, हात भाजतो, घरातली बाई ओरडते. येणाऱ्या-जाणाऱ्याने झाकणाला हात लावू नये याचा यापेक्षा चांगला बंदोबस्त नॅक्सनलाही सुचला नाही.

मांस मऊ करायचे आमचे इतर मार्गही सांगून टाकतो. कच्च्या पपईचा तुकडा, हा खरा. पपईत पपेन असतं, ते प्रथिनं तोडतं. जास्त पडलं तर मटणाचा लगदा होतो. दुसरा मार्ग गंजात सुपारीचं खांड टाकण्याचा. यावर माझा विश्वास नाही. नागपुरात खर्ऱ्यातून सुपारी उरते हेच मला आधी पटत नाही.

पुरुषांचं हळू शिजवणं हा मात्र वेगळा प्रकार आहे. तो शेतावर होतो. ‘आज मटन मी करतो’ असं जाहीर करून एखादा भाऊ सात-आठ जणांना कळमेश्वर किंवा हिंगण्याकडच्या कोणाच्या तरी शेतावर नेतो. मसाला घरून वाटून आणलेला असतो. कांदा दुसरा चिरतो, लाकडं तिसरा फोडतो, भांडी कोण घासणार यावर मौन असतं. भाऊ फक्त सराटा धरून चुलीपाशी बसतो आणि पाच-पाच मिनिटांनी झाकण काढून वास घेतो. प्रत्येक वेळी एकजण विचारतो, ‘झालं का बे?’ आणि भाऊ म्हणतो, ‘होऊन राहिलं.’ रात्री अकराला जेवण होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ ऑफिसात सांगतो की मटण चार तास शिजवलं. प्रत्यक्षात ते दीड तासात शिजलं असतं, बाकीचा वेळ झाकणात गेला. आमच्या शहराची स्वयंपाकातली ताकद कमी आहे असं कोणी समजू नये. इथल्याच शेफ विष्णू मनोहरांनी 2017 साली सलग 50 तासांहून अधिक वेळ स्वयंपाक करून विक्रम केला. पण तो करण्याचा विक्रम होता. काही न करता आठ तास बसण्याचा विक्रम नागपुरात कोणी करेल असं मला वाटत नाही.

सरकारी पातळीवर मात्र स्लो कुकर आम्हाला नवा नाही. 1953 च्या नागपूर कराराने ठरल्याप्रमाणे दर हिवाळ्यात राज्य सरकार इथे अधिवेशनाला येतं. मुंबईची मंडळी विदर्भाच्या अनुशेषाचं झाकण उचलतात, वास घेतात, ‘अजून वेळ आहे’ म्हणतात आणि झाकण लावून परत जातात. त्या पंधरवड्यात सावजी भोजनालयांत पाय ठेवायला जागा नसते, आणि नाक-डोळे पुसणारा दिसला तर तो पत्रकार की आमदार एवढंच ओळखायचं उरतं. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 1988 साली झालं. मूळ अंदाज 372 कोटींचा होता. खर्च हजारो कोटींवर गेला तरी शेतापर्यंतचे कालवे अजून लो वरच आहेत. त्याचं झाकण इतक्यांनी उचललं आहे की आत्याच्या जावयांचं गणित तिथेही लागू व्हावं.

उन्हाळ्यात हे यंत्र वापरावं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. वापरावं. गॅसच्या शेगडीपेक्षा हे खोलीत उष्णता बरीच मंद गतीने ओततं, आणि गॅलरीत ठेवलं तर घरातल्या कुलरशी त्याचं भांडण होत नाही. एरवी आमच्या मे महिन्याला कुकरची गरज नाही, असं म्हणायची पद्धत आहे. 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता. मे 2024 मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं आणि नागपूरकर खट्टू झाला. अमेरिकन शेतकी खात्याच्या हिशेबाने पोर्कचा अखंड काप खाण्याजोगा व्हायला आतून 63 अंश लागतात. सात अंशांनी हुकलं.

तेव्हा कुकर घेणारच असाल तर इथलाच, 230 व्होल्टचा घ्या; ट्रान्सफॉर्मरच्या पाया पडायला सगळ्यांकडे आत्या नसते. मसाला कढईत परतून मगच आत टाका, पाणी निम्मं घाला. पाठीचे चॉप आणू नका, खांदा मागा. राजमा शिजवायचा असेल तर आधी भिजवून, ते पाणी फेकून, 10 मिनिटं खळखळून उकळा. लो वरच्या उष्णतेने त्यातलं विष मरत नाही आणि पोट बिघडतं. लाईट गेली आणि दोन तास आली नाही तर अर्धवट शिजलेलं कोमट मांस कितीही जीव तुटला तरी टाकून द्या. आणि एवढं करून कुकर सुरू केल्यावर बाहेरचं दार लावून घ्या. कडीच नव्हे, आतून कुलूप. मामांकडे कडी उघडायची युक्ती आहे.